दोन पेढ्यांमधली धूळ

सराफ बाजारात पहाटे साडेचारला
शटरं खाली, कुत्री पायऱ्यांवर,
आणि गोजराबाई झारेकरी
वाकून गल्ली झाडत असते
कुंचल्याने, हलक्या हाताने,
झोपलेल्या पोराच्या केसांतून फणी फिरवावी तशी.

डावीकडे काकांची पेढी. उजवीकडे आमची.
एकाच आडनावाच्या दोन पाट्या,
मधे सहा फूट फरशी आणि एक गटार.
वाटणी झाली तेव्हा मी चौथीत होतो.
तराजू त्यांच्याकडे गेला, वजनं आमच्याकडे आली.
खरंच असं झालं. कुणी हसलं नाही.

मी रात्रभर जागा आहे.
माडीवर लॅपटॉप,
त्यात वृषभ राशीतला एक काळा ढग,
ढगात एक जोडतारा,
दोघेही कोवळे, वय फार तर वीस लाख वर्षं,
एकमेकांभोवती गरगरणारे,
आणि दोघांना मिळून एकच तबकडी
वायूची, धुळीची.
मधे मात्र पोकळी.
दोघांच्या ओढाताणीने झाडून काढलेली जागा,
तिथे काही टिकत नाही.
कधी काठावरून एखादी धार सुटते,
पोकळी ओलांडून आत कोसळते,
आणि माझं गणित दर खेपेला तेच सांगतं:
जास्त जातं ते धाकट्याकडे.
धाकटा काठाच्या जवळून फिरतो, म्हणून.
त्यात मर्जी नाही, माया नाही.

हे मला काकांना सांगायचं होतं.
आजोबांनी गिऱ्हाइकं बाबांकडे वळवली नव्हती हो,
आमची पायरी नाक्याला दोन हात जवळ होती,
एवढंच.
पण वीस वर्षांनी कुणाच्या दारात जाऊन
गणित कसं सांगायचं?

गोजराबाई गाळाचं घमेलं डोक्यावर घेते
आणि उतारावरून गंगेकडे निघते.
मी मागोमाग.
पाण्यात पाय सोडून ती परात फिरवते,
मनगटातून एक झोल, मग थांबणं, मग पुन्हा झोल.
पाणी गोल फिरतं.
केस, राख, उदबत्तीच्या काड्या, बिडीचं थोटूक
कडेने निघून जातं.
जड ते रेंगाळतं.
तिकडेही धूळ अशीच पोकळीच्या काठाशी अडते,
कण कणाला चिकटतो,
कणाचा खडा होतो,
खड्याचं पुढे काय होतं
ते आम्हाला अजून नीट कळलेलं नाही.
गोजराबाईला कळलेलं आहे,
पण ती सोन्याबद्दल.

"काय बघतो रे सोनाराच्या पोरा?"
म्हटलं, "मावशी, यात काकांचं किती, आमचं किती?"
तिने मिश्रीची पिंक टाकली.
"झाडताना मी काय पावत्या फाडते?"

परातीच्या तळाला उरलं
ते मोहरीएवढंही नव्हतं,
नुसती एक पिवळी शंका.
अजून आम्लात जायचं होतं, मुशीत वितळायचं होतं.
विचारलं, विकणार कुणाला?
"भद्रकालीत देते. तुम्हा दोघांना दिलं
तर दोघंही म्हणाल, आमचंच आहे."

परत आलो तेव्हा उजाडलं होतं.
दोन्ही शटरं एकाच वेळी वर गेली,
कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
माडीवर पडद्यावर
पोकळीच्या बाहेरच्या काठाला एक उजळ ठिपका होता,
मोहरीएवढाही नाही.
यंत्राचा आवाज असेल, माझी चूक असेल.
साडेचारशे वर्षांपूर्वीचा उजेड,
त्याला घाई नसते.
वहीत लिहिलं, गोजरा,
आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

खाली बाबांनी बादलीभर पाणी
दुकानापुढे मारलं.
समोरून काकांनी मारलं.
कालची धूळ घेऊन
दोन्ही ओघळ
गटारात उतरले.